समुद्रातला निरोप आणि बॅटरीचा हिशेब
(उद्योग-व्यापार : कारागीर व दुकानदार बंधूंसाठी अभ्यासपाठ)

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहाटे बर्फाच्या पेट्या उतरतात. सुरमई, पापलेट, बांगडा यांचे भाव बोलले जातात आणि उजाडण्यापूर्वी निम्मा माल कॅम्प, कोंढवा, मोमीनपुरा इकडे रवाना झालेला असतो. हा माल ज्याने समुद्रातून काढला, तो तांडेल आणि त्याचे खलाशी त्या वेळी कदाचित किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत असतात. त्यांच्या नौकेवर चार-पाच दिवसांचे पाणी, डिझेल आणि बर्फ असतो. घरच्यांशी आणि बंदराशी बोलण्याचे साधन मात्र अनेकदा भरवशाचे नसते.

पुण्याच्या दुकानदाराचा समुद्राशी काय संबंध, असे काही बंधू विचारतील. संबंध दोन प्रकारचा आहे. रत्नागिरीचे मिरकरवाडा, हर्णै, जैतापूर या भागात दालदी आणि इतर कोकणी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मासेमारी करीत आली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे नातेवाईक पुण्यात व्यापारात आहेत. दुसरे म्हणजे समुद्रातील बिनतारी यंत्रणेला जे सामान लागते, म्हणजे बॅटरी, सौर पॅनेल, वायर, लग, पेटी, चौकट, ते सारे आपल्या तपकीर गल्लीत, बोहरी आळीत, भवानी पेठेत आणि नाना पेठेत विकले जाते किंवा बनवले जाते. म्हणून हा विषय आपल्या रोजीचा आहे आणि दुसऱ्याच्या जिवाचाही आहे.

या पाठात एकच गोष्ट पक्की करायची आहे. समुद्रात बिनतारी संच घेणे हे निम्मे काम. तो संच स्वतःच्या विजेवर, इंजिन बंद पडल्यावरही चालू राहिला पाहिजे, हे उरलेले निम्मे काम. आणि हे दुसरे काम कारागिराचे आहे.

फयानने शिकवलेला धडा

९ नोव्हेंबर २००९ रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले. दोनच दिवसांत, ११ नोव्हेंबरला, ते ‘फयान’ चक्रीवादळ होऊन अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळा संपलेला होता, मासेमारीचा ऐन हंगाम होता आणि शेकडो नौका खोल समुद्रात होत्या. कोकणातील अनेक मच्छीमार आपल्या नौकांसह बेपत्ता झाले. आकाशवाणीवर सूचना होती, बंदरावर बावटा होता. पण जो आधीच समुद्रात आहे त्याला बंदरावरचा बावटा दिसणार कसा?

२०१७ साली ‘ओखी’ वादळाने केरळ आणि तामिळनाडूच्या मच्छीमारांवर तीच पाळी आणली. तेथील कित्येक नौका वाऱ्याबरोबर वाहत कोकणच्या बंदरांत आल्या आणि वाचल्या. ज्या आल्या नाहीत, त्यांची घरे आजही दुःखात आहेत. या दोन्ही वेळी हवामान खात्याकडे माहिती होती. ती शेवटच्या माणसापर्यंत नेणारा दुवा तुटलेला होता.

पुण्याचे जुने नाते

बिनतारी संदेशाशी आपल्या शहराचे नाते जुने आहे. सन १८९७ मध्ये मार्कोनीने इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीवरून पाण्यापलीकडे पहिला बिनतारी निरोप पाठवला. त्यानंतर तीसच वर्षांनी, १९२७ मध्ये, हिंदुस्थान आणि इंग्लंड यांना जोडणारी बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिची केंद्रे होती खडकी आणि दौंड. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या चौकाला आजही आपण सिमला ऑफिस चौक म्हणतो. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रहाद्वारे परदेशी दळणवळण करणारे भूकेंद्र सुरू झाले.

याच हवामान खात्याने पुढे ठिकठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. एक लोखंडी खांब, त्यावर वारा आणि पाऊस मोजणारी उपकरणे, एक छोटे सौर पॅनेल, पेटीत बॅटरी आणि उपग्रहाकडे तोंड केलेला अँटेना. ना वीज मंडळाची तार, ना टेलिफोनची. अशा केंद्रांची माहिती उपग्रहामार्फत पुण्यात घेण्याची व्यवस्थाही खात्याने केली. हाच खांब जमिनीवरून उचलून समुद्रात तरंगत्या बोयावर बसवा, म्हणजे आपल्या विषयाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

मोबाईल का पुरत नाही?

किनाऱ्यावरचा मोबाईल मनोरा साधारण बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत कसाबसा पोहोचतो. पुढे फोन हा फक्त घड्याळ आणि टॉर्च. याचे कारण पृथ्वीचा गोलावा. समुद्रात वापरल्या जाणाऱ्या व्हीएचएफ संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; क्षितिजाआडच्या माणसाला त्या गाठत नाहीत.

याचा एक सोपा हिशेब आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. नौकेवरचा अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असेल तर वर्गमूळ २, पल्ला सुमारे ८ किलोमीटर. समोरची नौकाही तशीच असेल तर दोन्ही पल्ल्यांची बेरीज, म्हणजे १६ किलोमीटर. आता किनाऱ्यावरच्या टेकडीवर १०० मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्याचा पल्ला ४१ किलोमीटर. नौकेचे ८ मिळवले की ४९. म्हणजे तोच संच आणि तीच शक्ती, पण उंची वाढली की निरोप तिप्पट लांब जातो.

यातून दोन गोष्टी समजतात. अँटेना डोलकाठीच्या टोकावर बसवणे फुकटची कमाई आहे. आणि एक नौका किनाऱ्याला ऐकू जात नसेल, तर मधल्या नौकेने तिचा निरोप पुढे द्यायचा. पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जातात तसा. केरळमधील अमृता विश्वविद्यापीठाने ‘ओशननेट’ नावाची व्यवस्था याच तत्त्वावर उभी केली. किनाऱ्यावर उंच मनोरा, प्रत्येक नौकेवर लांब पल्ल्याचा वायफाय संच, आणि नौकेकडून नौकेकडे जाणारा संदेश. मात्र अशा साखळीत मधल्या एका नौकेची बॅटरी उतरली, तर पुढच्या सर्वांचा आवाज बंद होतो. बॅटरीचा प्रश्न एकट्याचा राहत नाही, तो असा.

निरोपाचे तीन मार्ग

पहिला मार्ग, नौका ते नौका आणि नौका ते किनारा. यासाठी व्हीएचएफ संच. त्यातील १६ नंबरचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेले आहे. आपल्याकडे दीपगृहांवर मोठ्या नौकांची ओळख आपोआप टिपणारी यंत्रणाही आहे. २०१२ मध्ये देशातील ७४ दीपगृहे त्यासाठी जोडण्यात आली.

दुसरा मार्ग, नौका ते उपग्रह. इस्रोने संकटाचा इशारा देणारे छोटे यंत्र २०१० पासून वापरात आणले. बटण दाबले की उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या केंद्राला नौकेचे ठिकाण कळते आणि तटरक्षक दलाला खबर जाते. या यंत्राची एक उणीव होती. हाक पोहोचली की नाही, हे बुडणाऱ्याला कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात उलट पोच मिळते. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ‘जेमिनी’ नावाची पेटी आली. ती उपग्रहावरून हवामानाची सूचना घेऊन मच्छीमाराच्या मोबाईलवर दाखवते, पण तिच्यातून परत बोलता येत नाही. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठी ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौका हे तिचे उद्दिष्ट, सुमारे ३६० कोटींचा खर्च, आणि मच्छीमाराला यंत्र मोफत. यातून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात.

तिसरा मार्ग, माणूस नसलेले बोये. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने १९९७ पासून खोल समुद्रात नांगरलेले बोये टाकले. बोयाच्या डोक्यावर वाऱ्याची आणि हवेच्या दाबाची उपकरणे, अंगाभोवती सौर पॅनेल, पोटात बॅटऱ्या. ठरल्या वेळी तो जागा होतो, मोजमाप घेतो, उपग्रहाला निरोप देतो आणि झोपतो. ही माहिती हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडे जाते आणि तिथून लाटांचा अंदाज बंदरोबंदरी जातो. रत्नागिरीजवळही लाटा मोजणारा असा बोया ठेवलेला आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर याच साखळीत आणखी एक कडी आली. समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारे यंत्र ठेवले. पण खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहर फार दूर जात नाही. म्हणून तळाचे यंत्र आवाजाच्या लहरींनी वरच्या बोयाशी बोलते आणि बोया उपग्रहाशी. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करीत आहे.

वीज आणायची कुठून?

वरच्या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. वीज जागेवरच तयार करायची, साठवायची आणि कंजूषपणे खर्चायची.

पहिला उगम सूर्य. दुसरा उगम लाट. जपानच्या योशिओ मासुदा यांनी १९६५ च्या सुमारास लाटेवर दिवा पेटवणारे बोये बाजारात आणले. नळीत पाणी वर-खाली होते, वरची हवा दाबली जाते, ती छोट्या पंख्याला फिरवते. आपल्या देशात याच तत्त्वावर केरळच्या विळिंजम येथे १९९१ मध्ये वीजकेंद्र उभे राहिले आणि चेन्नईच्या संस्थेने लाटेवर चालणाऱ्या बोयाची चाचणीही घेतली. तिसरा उगम खारे पाणीच. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांमध्ये समुद्राचे पाणी घातले की थोडी वीज मिळते; २०२२ मध्ये याच युक्तीचा ‘रोशनी’ नावाचा कंदील मच्छीमारांपुढे ठेवण्यात आला. मात्र आजच्या घडीला कोकणच्या नौकेसाठी सर्वांत सोपा, स्वस्त आणि दुरुस्त होणारा मार्ग सौर पॅनेल आणि बॅटरी हाच आहे. म्हणून पुढचा पाठ त्याचा.

झोपेचे महत्त्व आधी समजून घ्या. उदाहरणादाखल एक बोया घेऊ. तो दर तीन तासांनी एक मिनिट जागा होतो, म्हणजे दिवसातून आठ वेळा. जागेपणी ३ अँपियर, झोपेत ०.०१ अँपियर. आठ मिनिटांचा खर्च ०.४ अँपियर-तास, झोपेचा पाव अँपियर-तास. दिवसाचा एकूण खर्च सुमारे ०.६५ अँपियर-तास. तेच यंत्र सतत जागे ठेवले तर ७२ अँपियर-तास लागतील. शंभरपटीहून अधिक फरक! बोया वर्षभर टिकतो तो मोठ्या बॅटरीमुळे टिकत नाही, शिस्तीमुळे टिकतो.

नौकेचा हिशेब

नौकेवरचा संच झोपू शकत नाही. हाक केव्हा येईल हे ठाऊक नसते. म्हणून येथे हिशेब काटेकोर हवा. १२ व्होल्टची एक साधी नौका घेऊ.

व्हीएचएफ संच ऐकताना सुमारे ०.४ अँपियर घेतो, बोलताना ५.५ अँपियर. दिवसात अर्धा तास बोलणे धरले तर बोलण्याचे पावणेतीन आणि ऐकण्याचे साडेनऊ, मिळून १२ अँपियर-तास. ठिकाण दाखवणारे यंत्र अर्धा अँपियर, चोवीस तास, म्हणजे १२. रात्रीचा एलईडी दिवा अर्धा अँपियर, बारा तास, म्हणजे ६. दिवसाची बेरीज ३० अँपियर-तास. बाराने गुणले की ३६० वॅट-तास.

आता समजा तीन दिवस आभाळ भरून आले. तेव्हा ९० अँपियर-तास साठवणीत हवेत. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ९० ला ०.५ ने भागा. १८० अँपियर-तासांची बॅटरी लागेल. लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून ती ११५ ते १२० ची पुरेल. महाग, पण हलकी आणि टिकाऊ.

पॅनेल किती? हंगामात कोकणात दिवसाला पूर्ण उन्हाचे पाच तास धरा. ३६० ला ५ ने भागले की ७२ वॅट. उष्णता, मिठाचा थर आणि वायर यांत तीस टक्के जातात असे धरले की सुमारे १०३ वॅट. पण ढगाळ दिवसांची तूट भरून काढायची तर १५० ते २०० वॅटचे पॅनेल घ्यावे. नेमक्या हिशेबाचे पॅनेल रोजचा खर्च भागवते, कर्ज फेडत नाही.

सर्वांत महत्त्वाचे : संदेशाची बॅटरी आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी ठेवा. अनेक नौकांवर एकाच बॅटरीवर सगळे चालते आणि ती इंजिनाशेजारी, तळाशी असते. नौकेत पाणी शिरले की पहिली ती बुडते. ज्या क्षणी बोलायचे असते त्याच क्षणी संच मुका होतो. संदेशाची बॅटरी शक्य तितकी वर, केबिनच्या छताखाली, हवेशीर पेटीत, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. शिशाच्या बॅटरीत खारे पाणी गेले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही लक्षात असू द्या.

बिघाड कुठे होतो?

संच खराब झाला म्हणून दुकानात आणला जातो, पण पुष्कळदा दोष वायरचा असतो. तांडेल सांगतो, ‘ऐकू येते, पण बोलायला बटण दाबले की बंद पडतो.’ या तक्रारीचा अर्थ शिकून घ्या.

बॅटरीपासून संचापर्यंत १० मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबे. १ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर वापरली तर ५.५ अँपियरला सुमारे २ व्होल्ट वाटेतच गळतात. १२ चे १० उरले आणि संच बंद. २.५ चौ. मि.मी. वायरीत ०.८ व्होल्ट जातात, ४ चौ. मि.मी. मध्ये अर्धा. ऐकताना प्रवाह कमी म्हणून दोष दिसत नाही. वायरीत काही रुपये वाचवले आणि हजारोंचा संच निकामी ठरवला, असा हा व्यवहार.

अँटेनाच्या केबलचेही तसेच. पातळ आरजी-५८ केबलच्या १० मीटरमध्ये एक तृतीयांशाहून अधिक शक्ती उष्णतेत जाते. जाड आरजी-२१३ मध्ये हे नुकसान जवळपास निम्मे. जोडावर पाणी गेले तर दोन्हीचे मोल सारखेच, शून्य.

कारागिराने पुढील नियम पाळावेत :

१. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वापरावी. साधे तांबे खाऱ्या हवेत आतून हिरवे-काळे पडते.
२. वायर पिळून टेप गुंडाळू नये. लग दाबून बसवावा, वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी.
३. ॲल्युमिनियमच्या चौकटीला लोखंडी स्क्रू लावू नये. दोन धातू आणि खारे पाणी यांची नकळत बॅटरी तयार होते व ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.
४. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा.
५. पेटीवर ‘आयपी ६७’ लिहिले असेल तर त्याचा अर्थ समजून सांगावा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. त्याहून जास्त वचन देऊ नये. पेटीला वायरसाठी आपण भोक पाडले आणि ग्रंथी नीट बसवली नाही, तर तो शिक्का निरर्थक.
६. वायर पेटीत खालून न्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला झोळ द्यावा, म्हणजे पाणी ठिबकून जाते.
७. पॅनेलवरचा मिठाचा थर गोड्या पाण्याने धुण्याची सवय नाखव्याला लावावी.

पुण्यातील कारागिरांना कोणते काम?

ट्रान्सपॉन्डर सरकार देईल, उपग्रह इस्रो सोडेल. पण प्रत्येक नौकेवर बॅटरीची पेटी, पॅनेलची चौकट, योग्य वायर आणि देखभाल करणारा माणूस लागणारच. येथे छोट्या भांडवलाला जागा आहे.

पहिले काम तयार संच बांधण्याचे. बॅटरी, चार्ज नियंत्रक, फ्यूज, मोजून कापलेली वायर, लग, पेटी, सारे एकत्र. नाखवा वेगवेगळ्या दुकानांत फिरून चुकीची वायर घेण्यापेक्षा असा संच घेईल. दुसरे काम फॅब्रिकेशनचे. भवानी पेठ आणि नाना पेठेतल्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियम व स्टेनलेसची चौकट सहज बनते. फक्त समुद्राचे नियम पाळावे लागतात. तिसरे काम फिरत्या दुरुस्तीचे. पुण्याहून रत्नागिरी सुमारे ३०० किलोमीटर. तेथील एखाद्या ओळखीच्या दुकानदाराशी भागीदारी करावी. माल आणि हुन्नर आपला, जागा आणि ओळख त्याची, नफ्याचे प्रमाण आधी लिहून ठेवलेले. व्याजाचे पैसे उचलण्यापेक्षा अशी शिरकत बरी.

हंगाम ओळखा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. नौका ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात, डागडुजी चालू असते. बसवणी याच दोन महिन्यांत होते. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बंदरावर जाऊन नोंदणी घ्यावी, मे महिन्यात माल बांधावा. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा जाऊन जोड तपासून यावे. या एका फुकट फेरीने जो विश्वास मिळतो तो जाहिरातीने मिळत नाही.

ज्या तरुणांना हा हुन्नर शिकायचा आहे त्यांनी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम करावा आणि सोबत वरचे सात नियम हाताने गिरवावेत.

कायदा आणि अमानत

व्हीएचएफ संच विकणे वा वापरणे यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परवानगी लागते. पावती आणि मान्यता नसलेला संच दुकानात ठेवू नका. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे हा गुन्हा आहे. कोणी आखातातून आणलेला असा फोन विकायला दिला तर हात लावू नका. जुन्या बॅटऱ्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच गेल्या पाहिजेत.

भंगाराच्या धंद्यातील बंधूंना एक विनंती. समुद्रातल्या बोयांना नौका बांधणे, त्यांची पॅनेले आणि बॅटऱ्या काढून नेणे हे प्रकार जगभर होतात, आपल्या समुद्रातही झाले आहेत. असे पॅनेल भंगारात काही शे रुपयांना येते, पण त्याबरोबर वादळाची खबर देणारा एक डोळा फुटलेला असतो. असा माल आला तर घेऊ नका, पोलिसांना कळवा.

शेवटची गोष्ट बॅटरीच्या लेबलची. बाजारात १०० अँपियर-तास लिहिलेली पण प्रत्यक्षात ६० देणारी बॅटरी मिळते, हे आपण सारे जाणतो. तपासणे अवघड नाही. मोटारीच्या दिव्याचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब ५ अँपियर घेतो. पूर्ण भरलेल्या शंभराच्या बॅटरीवर तो लावा. १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला सुमारे २० तास लागले पाहिजेत. बाराच तासांत उतरली तर ती साठाची आहे. नव्या लॉटमधली एक बॅटरी अशी तपासून मगच बाकीच्या विकाव्यात.

मापात खोट करणाऱ्यांचा निषेध करणारी सूरह मुतफ्फिफीन आपण वाचतो, तेव्हा तराजू आणि गज डोळ्यांपुढे येतात. अँपियर-तास हेही मापच आहे. घरातल्या इन्व्हर्टरला खोटी बॅटरी दिली तर गिऱ्हाईक दोन तास अंधारात बसते आणि भांडायला परत येते. नौकेवर खोटी बॅटरी दिली तर गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. हा माल अमानत समजून विकावा. रोजीत बरकत अल्लाह देईल, इन्शाअल्लाह.

स्वाध्याय

एका छोट्या नौकेवर फक्त व्हीएचएफ संच (दिवसाला १२ अँपियर-तास) आणि दिवा (६ अँपियर-तास) आहे. दोन दिवस ऊन नाही असे धरून शिशाची बॅटरी किती मोठी हवी?

उत्तर : १२ आणि ६ मिळून १८. दोन दिवसांचे ३६. निम्मीच वापरायची म्हणून ७२. बाजारात ७५ किंवा ८० ची मिळेल, ती द्यावी. गिऱ्हाईक स्वस्तातली ४० ची मागत असेल, तर त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्याच कागदावर लिहून द्यावा आणि तो कागद संचाशेजारी चिकटवायला सांगावा.